हळदकुंकवाआधी कानस

मागच्या पंधरवड्यात फुलंब्रीकडचा एक तरुण शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली चेनसॉ घेऊन माझ्या अंगणात आला. मशीन ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "काका, हिच्यात दमच राहिला न्हाई. मेकॅनिक म्हणतो पिस्टन गेला."

मी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झाली, आवाज खणखणीत. बंद केली, चष्मा चढवला आणि साखळीचे दात उन्हात धरले. प्रत्येक दाताच्या टोकावर बारीक पांढरी रेघ चमकत होती. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. जिथे उजेड दिसतो तिथे धार नसते, झिजून चपटा झालेला काठ असतो.

"दम मशीनीत आहे रे, दातात न्हाई," मी म्हणालो आणि कानस घेऊन बसलो. अर्ध्या तासाने त्याच्याच पिकअपमधल्या बाभळीच्या ओंडक्यावर मशीन टेकवली. मघापर्यंत पिठासारखा भुसा उडत होता, आता नखाएवढ्या कपच्या पडायला लागल्या. पोरगा मशीनीकडे बघायचा सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

माझी सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. आमचं छत्रपती संभाजीनगर हे शहरच मुळी हत्यारांचं आहे. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. वाळूज आणि शेंद्र्यात डाय, जिग, कटर मायक्रॉनमध्ये मोजून घासणारे हात आहेत. आणि याच शहरातून अर्धा तास बाहेर पडलं, की कुठल्याही गोठ्यात आढ्याला खोचलेली कुऱ्हाड अशी सापडते, की तिने लाकूड तुटत नाही, ठेचलं जातं. मला हे रुचत नाही.

टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात उस्तादांनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती. धारदार हत्यार आपलं काम आपण करतं, बोथट हत्यार तुमच्याकडून जोर मागतं. आणि जोर लावला की हत्यार ताब्यात राहत नाही. कुऱ्हाड लाकडावरून घसरून नडगीवर येते ती बहुतेक बोथट असते. चेनसॉ अंगावर उसळते तेव्हा तिच्यावर कुणीतरी छातीचा भार टाकलेला असतो. लोक धारेला भितात. भ्यायचं असेल तर बोथटपणाला भ्या.

खंडेनवमी जवळ आली आहे. त्या दिवशी आपण शेतातली अवजारं धुऊन मांडतो, कारखान्यात यंत्रांना झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. यंदा माझी एवढीच विनंती आहे, की पूजेच्या आदल्या रविवारी दोन तास काढा आणि घरातल्या हत्यारांची सेवा करा. कशी करायची ते खाली लिहितो. यात अवघड काही नाही. एक गोल कानस, एक चपटी कानस, दात घासायचा जुना ब्रश आणि बसायला पाट, एवढ्यावर सुरुवात होते; बाकी लागेल ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

साखळी

चेनसॉची आजची साखळी कशी सुचली, ती हकीकत आपल्या बागाईतदारांना आवडेल. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. एका झाडाच्या बुंध्यात त्याला एक जाड अळी दिसली. आपल्या आंब्याच्या खोडात भिरूड असते ना, त्याच जातकुळीतली. ती अळी लाकूड आडवंही खाते, उभंही खाते, आणि जबडा डावीकडे-उजवीकडे हलवत पुढे सरकते. कॉक्सने त्या जबड्यासारखे दात केले, एक डावा, एक उजवा, असे आळीपाळीने, आणि १९४७ साली ती साखळी विकायला काढली. आज तुमच्या मशीनीवर जी साखळी आहे ती त्याच घराण्यातली आहे. ज्या भिरुडीला आपण तारेने खोडातून ओढून काढतो, तिच्यासारख्याच अळीने जगाला लाकूड कापायला शिकवलं म्हणायचं.

म्हणून साखळीचा पहिला नियम असा, की डावे आणि उजवे दात सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत. काप सरळ न जाता केळीसारखा वाकडा जातो, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी वाकली म्हणतात. पट्टी क्वचितच वाकलेली असते. आपण उजव्या हाताची माणसं, एका बाजूला कानस जोरात मारतो आणि दुसऱ्या बाजूला हलकी. ज्या बाजूचे दात आखूड, त्यांच्या विरुद्ध बाजूला काप ओढला जातो.

आता कानस कशी मारायची ते बघा. आधी कानशीचं माप साखळीच्या मापाशी जुळवा. बारा ते सोळा इंची पट्टीच्या लहान मशीनींना बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. आपल्याकडे जास्त खपणाऱ्या ५८ सीसीच्या मशीनींवर बहुतेक ०.३२५ ची साखळी असते, तिला ४.८ मिलिमीटरची. शंका असेल तर साखळीच्या डब्यावर बघा, तिथे छापलेलं असतं. पट्टी शिकंज्यात पकडा. शिकंजा नसेल तर ओंडक्यात उभी खाच मारून तिच्यात पट्टी रोवा. पहिल्या दाताला खडूने खूण करा, नाहीतर फिरून फिरून त्याच दातावर येता.

कानस आतून बाहेर ढकला. परत आणताना उचलून आणा, घासत आणू नका. मागे घासलेली कानस स्वतःच बोथट होते. पट्टीला काटकोन धरला, तर त्यापासून साधारण ३० अंशांचा तिरकेपणा ठेवा. बऱ्याच साखळ्यांच्या दातांच्या माथ्यावर त्या कोनाची रेघ कोरलेली असते, तिच्याशी कानस समांतर धरली की झालं. कानशीचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहू द्या. दर दाताला मोजून दोन किंवा तीन झटके. ती पांढरी रेघ गेली की थांबा. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूला तेवढेच झटके.

दर दाताच्या पुढे एक छोटं टेकाड असतं. दाताने लाकडात किती खोल जायचं ते हे टेकाड ठरवतं. दात झिजत गेला की तोही बुटका होतो आणि टेकाड त्याच्या बरोबरीला येतं. मग धार असूनही मशीन कापत नाही. चार-पाच वेळा कानस मारून झाली की चपट्या कानशीने टेकाड उतरवा, पण दातापेक्षा ते ०.६५ मिलिमीटरच खाली असू द्या. एटीएम कार्डाच्या जाडीहून थोडं कमी. जास्त उतरवलं तर दात लाकूड गिळायला बघतो, मशीन धक्के खाते आणि उलटून अंगावर येते.

साखळीचा ताण थंड असतानाच बघा. साखळी पट्टीच्या पोटाला टेकलेली हवी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे. काम करताना ती तापून लांबते. त्या वेळी ताण दिलात, तर काम संपल्यावर सैल करून ठेवा, नाहीतर थंड होताना आवळते आणि बेअरिंगवर बसते. दर धारेला पट्टी उलटी करून लावा, म्हणजे ती दोन्ही अंगांनी सारखी झिजेल. पट्टीच्या खाचेत तेल आणि भुसा यांचा काळा लगदा साचतो, तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढा.

आणि एक हात जोडून सांगणं. साखळी जमिनीला लावू नका. ओंडका वाळूत पडला असेल तर वरून पाऊणच कापा आणि ओंडका फिरवून उरलेला कापा. मातीचा एक सेकंद म्हणजे अर्ध्या तासाची कानस.

पेट्रोल आणि तेल

पावसाळ्यात मशीन चार महिने कोपऱ्यात पडते. दसऱ्याला काढली की सुरू होत नाही. कारण बहुतेक वेळा टाकीतच असतं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते उसापासूनही बनतं, कदाचित आपल्याच गंगापूर-पैठणच्या उसाचंही असेल. त्यात वाईट काही नाही, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल-तेलाचं मिश्रण पाणी धरतं, ते तळाला बसतं, आणि कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक होतो. म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्त मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. तुमच्या मशीनीच्या पुस्तिकेत इथेनॉलबद्दल काय सूचना आहे तीही एकदा वाचा.

तेल मिसळताना अंदाजपंचे कारभार नको. चांगल्या टू-टी तेलासाठी बहुतेक कंपन्या ५० ला १ सांगतात, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर. बऱ्याच स्वस्त मशीनींच्या पुस्तिकेत २५ ला १ असतं, म्हणजे ४० मिलिलिटर. मेडिकलमधून २० मिलिलिटरची सिरिंज आणा, मोजून घाला. तेल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो. जास्त झालं तर धूर, काळा प्लग आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळीचा थर.

साखळीचं तेल वेगळं असतं. ते साखळीला चिकटून राहील असं बनवलेलं असतं. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑईल त्यात ओतायची आपली खोड जुनी आहे. त्या ऑईलमध्ये धातूचा कीस असतो, तो तेलाचा पंप खातो, आणि ते सतत कातडीला लागणं आरोग्यालाही वाईट. चेन ऑईल मिळालं नाही तर एखाद्या दिवसापुरतं नवं इंजिन ऑईल चालेल, जळकं नको.

तेल येतंय की नाही हे बघायची सोपी युक्ती आहे. पट्टीचं टोक वर्तमानपत्रापासून वीतभर दूर धरा आणि मशीन फिरवा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर तेलाचं भोक बुजलं आहे, आधी ते साफ करा.

मशीन रुसली तर

मशीन सुरूच होत नसेल तर दोरी ओढत बसू नका. चार ओढीत सुरू झाली नाही तर शांत बसून तीन गोष्टी बघा. पेट्रोल पोचतंय का, ठिणगी पडते का, हवा मिळते का.

प्लग काढा. तो ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर मशीन तुंबली आहे. चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्लग न लावता दहा वेळा दोरी ओढा. प्लग पुसून, वाळवून लावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तारेने बाहेर ओढा, तो काळा पडला असेल तर बदला, किंमत किरकोळ आहे. प्लगच्या तोंडाचा रंग कॉफीसारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळाकुट्ट असेल तर तेल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर मिश्रण फार पातळ आहे, मशीन लगेच बंद करा, पिस्टनला धोका आहे.

मशीन सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि मरते, अशी तक्रार असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. सैल केल्यावर नीट चालली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. साफ केलं की काम झालं. मशीन थंड असताना चालते आणि तापली की गुदमरते, तर आधी एअर फिल्टर बघा. बाभळीचा बारीक भुसा त्यावर पोळीसारखा बसतो. साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावा.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही साखळी फिरत राहत असेल तर ती मशीन वापरू नका. आयडलचा स्क्रू थोडा कमी करा. तरी थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग गेली आहे, ते काम मेकॅनिकचं.

कार्बोरेटरला आणखी दोन स्क्रू असतात आणि ते दिसले की आपले हात शिवशिवतात. त्यांना हात लावू नका. ते फिरवून बरी झालेली मशीन मी क्वचित पाहिली आहे, बिघडलेल्या पुष्कळ पाहिल्या आहेत. वर सांगितलेलं सगळं करूनही मशीन ऐकत नसेल, तेव्हा दुकानात न्या. पण साखळी धारदार करून न्या. नाहीतर बोथट दातांपायी पिस्टनचं बिल येतं.

अंगावर बेतू नये म्हणून

जोरात फिरताना साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की मशीन उलट फिरून तोंडाकडे येते, आणि ती यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसाचा हात हलत नाही. म्हणून टोकाने कापू नका. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या खालून वळसा घातलेला असू द्या, बोटांसोबत वर नको. पुढचा ब्रेक रोज सकाळी तपासा.

हवेत लटकवून दोरी ओढायची फॅशन आली आहे, ती सोडा. मशीन जमिनीवर ठेवा, ब्रेक लावा, मागच्या मुठीत पायाचा चवडा घाला आणि मग ओढा. शिडीवर चढून, किंवा खांद्याच्या वर हात करून मशीन चालवू नका. गळ्यातलं उपरणं, ओढणी, धोतराचा सोगा, लोंबणारी माळ, हे सगळं काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, कानात बोळे. एकट्याने झाड पाडायला जाऊ नका. आणि वादळाने पडलेली फांदी विजेच्या तारेवर असेल तर मशीन गाडीतच राहू द्या आणि महावितरणला फोन करा.

कुऱ्हाड

आता मशीन बाजूला ठेवू आणि गोठ्यात जाऊ.

माझ्या वडिलांची कुऱ्हाड मला मिळाली तेव्हा ती तांबूस मातीचा गोळा झाली होती. ट्रकच्या कमानपाट्याची, गावात आलेल्या घिसाड्यांनी घडवलेली. त्यांच्या पालापुढे भाता चाले आणि लाल तापलेल्या लोखंडावर घण बाई घाली, हे मी लहानपणी तासन्‌तास बघितलं आहे. ते लोखंड आजही बाजारातल्या चकचकीत कुऱ्हाडीपेक्षा सरस आहे. म्हणून सांगतो, जुनी कुऱ्हाड भंगारवाल्याला देऊ नका. रविवारी जाफर गेटच्या बाजारात एखादी गंजकी कुऱ्हाड दिसली तर उचलून बघा.

घेण्याआधी माठ वाजवून घेतो तशी ती वाजवून घ्या. दोरीला टांगा आणि हातोडीने हलकेच टिचकी द्या. टणत्कार निघाला तर अंग धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर गेलेली आहे, सोडून द्या. गंजाला भिऊ नका. तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, मग पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा ब्रश मारा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. तेल लावायला तासभर उशीर केला तरी ती पुन्हा तांबडी होते.

कुऱ्हाडीच्या पाठीवर हातोडा मारून मारून तिथे छत्रीसारखी कड वळलेली असेल, तर ती घासून टाका. तिचा तुकडा उडाला की गोळीसारखा येतो.

धारेचं खरं शत्रुत्व ग्राइंडरशी आहे. माझ्या पुतण्याने माझ्या नकळत कुऱ्हाड एका वेल्डिंगच्या दुकानात नेली. पाच मिनिटांत धार लावून आणली, आरशासारखी. पण धारेलगत बोटभर पट्टा मोरपिसासारखा निळा झाला होता. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या गाठीवर तिची धार कागदासारखी दुमडली. बाजारातल्या एका लोहारीण मावशीला दाखवली, तर तिने हातात न घेताच सांगितलं, "पाणी उतरलंय हिचं."

तिचं बरोबर होतं. लोखंडाला पाणी देतात म्हणजे लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतात, आणि मग पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. या दुसऱ्या तापवण्यात पात्यावर आधी गवताळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी, ३०० अंशांच्या आसपास, निळा रंग चढतो. लोहार सावलीत बसून तो रंग वाचतो आणि नेमक्या क्षणी पातं गार करतो. ग्राइंडरला हे वाचता येत नाही. म्हणून धार चपट्या कानशीनेच लावा. मशीनच वापरायची तर दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसतोय इतकं तापलं म्हणजे तुम्ही हद्दीवर आलात.

कानस धारेवर मारली आणि ती नुसती काचेवरून सरकल्यासारखी घसरली, तर पातं फार कडक आहे, धारेचे टवके उडतील. कानस सहज लोण्यात जावी तशी गेली, तर पाणी उतरलेलं आहे. कानशीने कुरकुरत पण चावा घेतला, तर समजा लोहाराचा हात चांगला होता. आधी कानस, मग कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून गोल गोल फिरवा. झाड तोडायची धार पातळ ठेवा. सरपण फोडायची कुऱ्हाड गालांनी जाड असू द्या, पातळ कुऱ्हाड लाकडात रुतून बसते.

दांडा

आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. म्हणीचा अर्थ वेगळा, पण सैल दांड्याच्या बाबतीत ती शब्दशः खरी होते. पातं दांड्यातून निसटलं की समोर जो उभा असतो तो आपल्याच घरातला असतो. सरपण गोळा करणारी बायको, नाहीतर कौतुकाने बघणारं पोरगं.

दांडा सैल झाला की कुऱ्हाड बादलीत टाकायची, हा आपला रामबाण. लाकूड फुगतं, घट्ट बसल्यासारखं वाटतं. पण नेढ्याच्या लोखंडी भिंतीत फुगायला जागा नसते, त्यामुळे लाकडाच्या शिरा चेपल्या जातात. दोन दिवसांत पाणी वाळतं आणि दांडा आधीपेक्षा सैल होतो. बादलीतली कुऱ्हाड घेऊन उभं राहणाऱ्यासमोर मी तरी थांबत नाही.

दांडा धावड्याचा उत्तम, तो लवचीक असतो आणि धक्का पोटात घालतो. नाही मिळाला तर बाभळीचा. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात खुळखुळतो. लाकडाच्या रेषा दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाव्यात, मध्येच बाजूला निघून जाऊ नयेत. दांड्याच्या बुडाकडून बघितलं तर त्या रेषा पात्याच्या दिशेने असाव्यात, आडव्या नकोत. दांडा नेढ्यात ठोकताना कुऱ्हाड उलटी हवेत धरा आणि बुडावर ठोका. पातं आपल्या वजनाने वर सरकत जातं, ही जुनी सुतारी युक्ती आहे. वर आलेल्या टोकाच्या खाचेत वाळलेल्या लाकडाची पाचर ठोका, खिळे नकोत. खिळ्याने दांडा फाटतो.

शेवटी तेल. यासाठी जगभरातले कुऱ्हाडवाले जवसाचं तेल वापरतात, आणि आपण मराठवाड्यात जवस पेरून त्याची चटणी खातो, पण हत्याराला लावत नाही. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल तसं सुकत नाही, ते चिकट राहतं. पातळ हात द्या, तासाभराने पुसून टाका, चार-पाच दिवस रोज करा. आणि हे नीट ऐका. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. चिंधी उन्हात पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. गोठ्यात कडब्याजवळ तर अजिबात ठेवू नका.

तोडण्याआधी

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना, अंबड, पैठणकडे वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा लोकांनी स्वतःच्या हाताने तोडल्या. त्या दिवसांत हत्यार हातात घेतलेल्या माणसांचे चेहरे मी विसरलो नाही. धार लावायला सांगणारा मी, कापायला सांगत नाही. कुऱ्हाडीने मोठं झाड पाडायला अर्धा दिवस लागायचा. तेवढ्यात मन बदलायला वाव असायचा. मशीन तेवढा वेळ देत नाही, म्हणून विचार आधी करा.

कायदाही लक्षात ठेवा. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, चंदन ही झाडं आपल्या स्वतःच्या बांधावर असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात १९७५ चा कायदा लागतो आणि परवानगी महापालिकेकडून घ्यावी लागते.

मोसंबीची वाळकी सल काढत असाल तर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं जंतुनाशकाने पुसा, नाहीतर आपणच रोग बागभर वाटत फिरतो. मोठ्या कापावर बोर्डोपेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. धारदार हत्याराचा काप गुळगुळीत असतो आणि झाड तो लवकर भरून काढतं. बोथट हत्याराने साल फाटते आणि त्या फाटलेल्या जागेतच भिरूड शिरते.

एवढं सगळं एका रविवारी होतं. नाहीच जमलं, तर कुऱ्हाड गावच्या लोहाराकडे घेऊन जा, त्याला दुपारभर काम द्या, आणि जवळ बसून बघा. तो रंग वाचतो कसा ते तुमच्या मुलांनाही दाखवा. त्याची भट्टी पेटती ठेवणं आपल्याच हातात आहे, आपण गिऱ्हाईक म्हणून गेलो तरच ती पेटेल.

मग खंडेनवमीला पाट मांडा, हत्यारं पुसून ठेवा आणि कुंकवाचं बोट लावा. ते पात्याच्या गालावर लावा. धारेवरून बोट बिनधास्त फिरवता आलं, तर पूजा थांबवा आणि कानस घ्या.